काळ्या पट्टीचं काय करायचं?

बंगल्याच्या अंगणात किंवा सोसायटीच्या लॉनभोवती काही वर्षांपूर्वी बसवलेली काळी प्लास्टिकची पट्टी आता जागोजागी वर आली आहे. वरची गोल कड पांढुरकी पडून तडकली आहे. माळी ती उपटतो आणि वेटोळं करून कंपाउंडच्या कोपऱ्यात टाकतो. कचऱ्याची गाडी ते वेटोळं घेत नाही. भंगारवाला हाताने दाबून बघतो आणि "हे नाही चालत" म्हणून पुढे जातो. पावसाळ्यात त्यात पाणी साचतं, गवत उगवतं, आणि घरातलं कुणीतरी विचारतं: हे प्लास्टिकच आहे ना? मग बाटल्या नेणारे हे का नेत नाहीत? आणि कुणीच नेणार नसेल तर आम्ही ठेवायचं कुठे?

बहुतेक वेळा ही पट्टी पुढे जाऊ शकते. पण ती कुठे जाणार हे कारखान्यात किंवा कचरा डेपोत ठरत नाही, ते आपल्याच अंगणात ठरतं. ती कशी उपटली, कशाने कापली, कितपत साफ केली, कशात मिसळली यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. ओळखता येईल असा स्वच्छ तुकडा कामाचा असतो. माती, मुळं आणि खिळ्यांसकट गुंतलेलं वेटोळं कुणालाच नको असतं. आणि पट्टीचा चुरा झाला तर तो कुणी नेण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण तो आपल्या मातीतून आपल्यालाही परत गोळा करता येत नाही. म्हणून पट्टी कापायची, पण तिचा चुरा होऊ द्यायचा नाही. हे कसं साधायचं ते आता पाहू.

१. पट्टी वर का येते?

ही पट्टी सहसा चार-पाच इंच उंच आणि दोन-तीन मिलिमीटर जाड असते. वर नळीसारखी गोल कड असते आणि खालचा भाग मातीत गाडलेला असतो. हरळी जमिनीवरून आणि जमिनीखालूनही पसरते. तिने फुलझाडांच्या वाफ्यात शिरू नये म्हणून ही भिंत घालायची.

प्लास्टिक तापलं की लांबतं. पॉलिइथिलीन जातीचं प्लास्टिक एका अंशाला मीटरमागे साधारण ०.१५ मिलिमीटर लांबतं, म्हणजे लोखंडाच्या दहापटीहून जास्त. १० मीटरची पट्टी घ्या. पहाटेचं आणि मे महिन्यातल्या दुपारचं तापमान यात ३० अंशांचा फरक धरा. १० गुणिले ३० गुणिले ०.१५, म्हणजे ४५ मिलिमीटर. साडेचार सेंटिमीटर जास्तीची लांबी कुठेतरी जायला हवी. दोन्ही टोकं घट्ट बसवलेली असतील तर पट्टी मधेच कमान टाकते आणि मातीतून उचलली जाते. रात्री ती आक्रसते, पण रिकाम्या जागेत तोवर माती घसरलेली असते, त्यामुळे ती पूर्वीच्या जागी बसत नाही.

देशावरच्या काळ्या मातीत आणखी एक जोर लागतो. ही माती उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि पावसात फुगते. दर वर्षी असं झालं की पट्टी थोडी थोडी वर ढकलली जाते. कोकणातल्या तांबड्या मातीत हा त्रास पुष्कळ कमी असतो.

२. ऊन नेमकं काय करतं?

उपटलेल्या पट्टीचा एक तुकडा हातात घेऊन नीट पाहा. वरची गोल कड राखाडी झालेली असते. नख फिरवलं की बोटाला पांढरी भुकटी लागते आणि वाकवली की कट्‌कन तुटते. त्याच तुकड्याचा मातीखालचा भाग मात्र काळाभोर, चिवट आणि नव्यासारखा असतो. तो हवा तेवढा वाकवा, तुटत नाही. एकाच दिवशी, एकाच साच्यातून निघालेलं हे प्लास्टिक, पण वरच्या दोन बोटांचं वय वेगळं आणि खालच्या तीन बोटांचं वेगळं.

प्लास्टिकचे रेणू फार लांब असतात. बरणीत घट्ट भरलेल्या लांब शेवया डोळ्यांसमोर आणा. शेवया लांब आणि एकमेकींत गुंतलेल्या असतील तर चिमटीत धरून ओढली तरी एकटी शेवई सुटून येत नाही, सगळा गुंता सोबत येतो. त्याच शेवयांचे बोटभर तुकडे केले तर पकड संपते आणि बरणी वाकडी करताच सगळं सांडतं. पट्टीचं बळ या गुंत्यात असतं. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून लांब साखळ्या मधेच तोडत राहतात. तुकडे आखूड झाले की गुंता सैल होतो, पृष्ठभागाला बारीक तडे जातात आणि तड्यांतून ऊन आणखी आत पोचतं.

हे लांबवण्यासाठीच पट्टीचा रंग काळा असतो. त्यात साधारण दोन ते अडीच टक्के काजळी मिसळतात. काजळी अतिनील किरण शोषून घेते आणि आतल्या साखळ्यांना आडोसा देते. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या आणि ठिबकच्या नळ्या काळ्या असण्याचं कारणही हेच. पण पुनर्वापराच्या मालात सगळे रंग एकत्र झाले की मळकट राखाडी रंग येतो. तो लपवायलाही काळा रंग घालतात. म्हणून काळी दिसणारी प्रत्येक पट्टी उन्हात टिकेलच असं नाही.

मातीखाली अतिनील किरण पोचत नाहीत आणि उष्णताही कमी असते, म्हणून तिथलं प्लास्टिक शाबूत राहतं. आपल्याला पुढे हाच फरक वापरायचा आहे.

३. ही पट्टी कोणत्या प्लास्टिकची?

बहुतेक पट्ट्या पॉलिइथिलीनच्या असतात. १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्थविच गावाजवळच्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन प्रचंड दाबाखाली वेगळाच प्रयोग करत होते. तेव्हा भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ उरला, ते पॉलिइथिलीन. पुढे १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झीग्लर यांनी तेच कमी दाबाखाली करण्याची युक्ती शोधली. त्यातून जास्त घट्ट आणि ताठ प्रकार मिळाला. भंगाराच्या बाजारात त्याला एचडीपीई म्हणतात. मऊ प्रकार तो एलडीपीई. काही ताठ पट्ट्या पीपीच्या, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. आणि काही, विशेषतः चकचकीत आणि कडक, पीव्हीसीच्या असतात.

भंगाराच्या दृष्टीने पहिली गरज म्हणजे पीव्हीसी बाकीच्यांपासून वेगळं करणं. त्याच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग, ५७ टक्क्यांच्या आसपास, क्लोरीनचा असतो. पॉलिइथिलीन वितळवायला साधारण २०० अंशांपर्यंत तापवतात. तेवढ्या उष्णतेत पीव्हीसी बिघडू लागतं आणि त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. ती यंत्राच्या लोखंडाला गंज आणते आणि मालात जळके काळे ठिपके सोडते. पीव्हीसीचे थोडेसे तुकडेही अख्खा घाणा खराब करू शकतात. भंगारवाला अनोळखी पट्टी नाकारतो तेव्हा त्याच्यापुढे हीच भीती असते, आणि ती रास्त आहे.

आधी पट्टीच्या मागच्या बाजूला बाणांच्या त्रिकोणात आकडा आहे का ते पाहा. ही खूण १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने सुरू केली आणि आता जगभर चालते. २ म्हणजे एचडीपीई, ३ म्हणजे पीव्हीसी, ४ म्हणजे एलडीपीई, ५ म्हणजे पीपी. पट्टीवर हा आकडा बऱ्याचदा नसतो. मग बादलीभर पाणी घ्यायचं.

पट्टीचा रुपयाएवढा तुकडा कापून धुवा. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे पाण्याचा पृष्ठताण तुकड्याला खोटं तरंगवणार नाही. तुकडा बोटाने तळाशी न्या, त्याला चिकटलेले बुडबुडे पुसा आणि सोडा. एक घन सेंटिमीटर पाणी एक ग्रॅम भरतं. तेवढंच पॉलिइथिलीन ०.९१ ते ०.९७ ग्रॅम भरतं आणि पीपी ०.९ ग्रॅमच्या आसपास, म्हणून दोन्ही वर येतात. पीव्हीसी १.३ ते १.४५ ग्रॅम भरतं, ते तळाशीच बसतं.

या चाचणीत एक फसगत होऊ शकते. स्वस्त मालात वजन आणि ताठपणा वाढवण्यासाठी चुनखडीची भुकटी मिसळतात. समजा १०० ग्रॅम पट्टीत ८० ग्रॅम पॉलिइथिलीन आणि २० ग्रॅम चुनखडी आहे. ८० भागिले ०.९५, म्हणजे ८४ घन सेंटिमीटर. चुनखडीची घनता २.७, तेव्हा २० भागिले २.७, म्हणजे साडेसात. एकूण साडेएक्याण्णव घन सेंटिमीटर आणि वजन १०० ग्रॅम. घनता १.०९ आली, म्हणजे पॉलिइथिलीन असूनही तुकडा बुडणार. म्हणून तरंगलं तर ते पीव्हीसी नाही हे बिनधास्त मानावं. बुडलं तर मात्र लगेच पीव्हीसी ठरवू नये. शाबूत भागावर नख दाबून पाहावं. पॉलिइथिलीनचा स्पर्श मेणचट असतो आणि नखाची खूण उठते. पीव्हीसी कडक आणि गुळगुळीत लागतं. तरीही शंका राहिली तर बुडालेले तुकडे वेगळ्या गोणीत ठेवावेत आणि तसं सांगून द्यावेत.

भंगाराच्या गोदामात तुकड्याला काडी लावून वास घेण्याची पद्धत आहे. अनुभवी माणूस त्यावरून जात अचूक सांगतो, पण त्या धुराची किंमत तो आपल्या छातीतून मोजत असतो. घरी हे करू नये.

४. उपटण्याआधी पाणी

कोरड्या मातीत पट्टी ओढली की तडकलेली कड हातात येते आणि खालचा भाग मातीतच राहतो. म्हणून आदल्या संध्याकाळी पट्टीलगत भरपूर पाणी सोडावं. सकाळी खुरप्याने दोन्ही बाजूंची मुळं कापावीत, टोकाकडून सुरुवात करून फावडं पट्टीच्या खाली घालावं आणि खालून उचलत जावं. वरची कड धरून ओढू नये.

आधी खुंट्या शोधाव्यात. त्या कधी प्लास्टिकच्या असतात, कधी लांब लोखंडी खिळे असतात. लोखंड वेगळ्या डब्यात टाकावं. त्याला भंगारात नेहमीच गिऱ्हाईक असतं, आणि पट्टीतच राहिलं तर दळणाऱ्या यंत्राचं पातं मोडतं किंवा वेचणाऱ्याच्या हातात घुसतं.

५. कशाने कापायचं?

चुकीचं अवजार उचललं तर आत्तापर्यंत घेतलेली सगळी काळजी वाया जाते, म्हणून इथे घाई करू नये.

पट्टी काढल्यावर सावलीत पसरून माती वाळू द्यावी आणि कोरड्या ब्रशने झाडावी. माती वाफ्यातच परत जाते, आणि धुण्याचं पाणी तुकड्यांसकट गटारात जायची वेळ येत नाही. मातीतले वाळूचे कण अवजाराची धारही घालवतात, म्हणून कापण्याआधी ब्रश मारायलाच हवा.

दोन मिलिमीटरच्या सपाट भागाला पत्रा कापायची कात्री उत्तम. गोल कडेला माळ्याचं सिकेटर किंवा लांब दांड्याची फांदी कापायची कात्री लागते. कड पोकळ आणि जाड असेल तर प्लंबर पाइप कापायला वापरतात तो हातकटर चालतो. ही सगळी अवजारं प्लास्टिक चिरतात आणि मागे भुसा उरत नाही.

पेपर कटरचं पातं वापरू नये. पॉलिइथिलीन चिवट असतं, पातं त्यात अडकतं, आपण जोर वाढवतो आणि ते अचानक सुटून दुसऱ्या हातावर येतं. वेटोळ्यात गुंडाळून राहिलेली पट्टी कापताना तिचं मोकळं टोक उसळी मारतं, तेव्हा चष्मा आणि जाड हातमोजे हवेतच. दोघांनी मिळून काम केलं तर सोपं जातं: एकाने पायाखाली ताणून धरावी, दुसऱ्याने कापावी.

आता करवत, म्हणजे हॅक्सॉ ब्लेड. पुष्कळजण तेच उचलतात, कारण ते घरात असतं. त्याचा हिशोब मांडून पाहू. ३० मीटर लांब, १० सेंटिमीटर उंच, २ मिलिमीटर जाड पट्टीचे अर्ध्या अर्ध्या मीटरचे ६० तुकडे करायचे तर ५९ काप घ्यावे लागतात. पातं दर कापाला १ मिलिमीटर रुंदीचा भुसा पाडतं असं धरू. एका कापाचा भुसा ०.१ गुणिले १० गुणिले ०.२, म्हणजे ०.२ घन सेंटिमीटर. ५९ कापांचा जवळपास १२ घन सेंटिमीटर, जेमतेम मूठभरही नाही. पण एक कण अर्धा मिलिमीटर लांब, रुंद आणि उंच धरला तर एवढ्या भुश्यात सुमारे ९५ हजार कण होतात. ते वाऱ्याने उडतात, गवतात पडतात आणि पहिल्या पावसात गटाराकडे निघतात. कात्रीने कापलं तर असा भुसा पडत नाही.

चकतीचं ग्राइंडर त्याहून वाईट. चकतीच्या घर्षणाने प्लास्टिक तापतं. एचडीपीई १३० अंशांच्या आसपास वितळतं, मग ते चकतीला चिकटतं आणि गरम थेंब उडतात. सोसायटीत कुणी पालापाचोळ्याच्या श्रेडरमध्ये पट्टी घालायचं सुचवलं तर ठाम नकार द्यावा, कारण त्यातून निघालेल्या खतातलं प्लास्टिक नंतर कुणालाही वेगळं करता येणार नाही.

तुकडे किती लांब असावेत? अर्धा मीटर बरा. लांब पट्टी दळणाऱ्या यंत्राच्या फिरत्या दांड्याला गुंडाळली जाते आणि यंत्र थांबवावं लागतं, म्हणून वेटोळी नाकारली जातात. तळहाताएवढे बारीक तुकडेही नकोत, कारण मालाची जात हाताने ओळखणाऱ्याला ते कसलं ते कळत नाही आणि निम्मे सांडून जातात. वरच्याच पट्टीचं वजन काढू: ३,००० गुणिले १० गुणिले ०.२, म्हणजे ६,००० घन सेंटिमीटर. त्याला ०.९५ ने गुणलं की ५.७ किलो, वर गोल कडेचं वजन वेगळं. सैल वेटोळ्यात हे पावणेसहा किलो पार्किंगचा अख्खा कोपरा अडवतात. अर्ध्या मीटरचे तुकडे एकावर एक रचून सुतळीने बांधले की एका गोणीत बसतात. बांधायला प्लास्टिकची पट्टी किंवा तार वापरू नये.

जमत असेल तर कापताना आणखी एक गोष्ट करावी. पांढरट, ठिसूळ झालेली वरची कड लांबीने कापून वेगळी काढावी आणि खालचा काळाभोर भाग वेगळा ठेवावा. ज्या साखळ्या उन्हाने आधीच आखूड केल्या आहेत त्या वितळवल्याने पुन्हा लांब होत नाहीत. वितळवण्यातही त्या थोड्या तुटतातच. दोन्ही भाग एकत्र दिले तर चांगल्याचीही प्रत घसरते. खालचा भाग तर घरीच कामी येतो. त्याची बोटभर रुंद कापं रोपांच्या नावाच्या पाट्या म्हणून उत्तम चालतात. वीतभर रुंद तुकडा गोल करून मातीत रोवला की लहान रोपाभोवती आळं राखता येतं.

६. तडकलेल्या पट्टीचा चुरा

पट्टी फारच ठिसूळ असेल तर कात्री लागतानाच कपच्या उडतात. अशा वेळी सगळं काम जुन्या चादरीवर किंवा ताडपत्रीवर करावं. प्लास्टिक थंडीत जास्त ठिसूळ होतं, म्हणून सकाळी लवकर न कापता ऊन अंगावर आल्यावर कापावं. शेवटी चादरीची चारी टोकं उचलून कपच्या एका जुन्या पिशवीत ओताव्यात आणि तोंड बांधावं. पट्टी जिथे होती तिथली वरची दोन-तीन बोटं माती खडी चाळायच्या चाळणीतून काढली की मोठ्या कपच्या हाती लागतात.

एवढी खटपट कशासाठी? पाच मिलिमीटरपेक्षा लहान कणांना सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातले रिचर्ड थॉम्पसन यांनी २००४ मध्ये समुद्राबद्दलच्या शोधनिबंधात हा शब्द रूढ केला. त्यानंतर मातीतल्या कणांचा अभ्यास सुरू झाला. गांडुळं असे कण वरून खालच्या थरांत नेतात हे प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे आज पृष्ठभागावर पडलेली भुकटी उद्या मुळांपाशी असते. चाळणी फक्त तोवर उपयोगी, जोवर कपच्या वरच आहेत.

७. द्यायचं कुणाला?

गोणी तयार झाली. एका घराच्या पाच-सहा किलोंसाठी भंगारवाल्याला टेम्पो वळवणं परवडत नाही. सोसायटीतल्या चार-पाच घरांनी, किंवा शेजारच्या बंगल्यांनी, जुन्या काळ्या कुंड्या, ठिबकच्या नळ्या आणि पट्ट्या जातवार वेगळ्या करून एकत्र ठेवल्या तर पंचवीस-तीस किलोंचा माल होतो आणि बोलणं बदलतं. पट्टी तरंगली आहे, खिळे काढले आहेत, माती झाडली आहे, एवढी तीन वाक्यं आधी सांगावीत. ठिबकच्या जुन्या नळ्या शेतकऱ्यांकडून भंगारात किलोवर घेतल्या जातात. त्यांच्याबरोबर तरंगणारी पॉलिइथिलीनची पट्टीही जाऊ शकते, कारण दोन्ही एकाच कुळातल्या.

पुण्यात हे काम घरोघरी फिरणाऱ्या कचरावेचकांमुळे सोपं आहे. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातून पुढे २००८ मध्ये स्वच्छ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था महापालिकेबरोबर काम करू लागली. यातल्या बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि मालाची प्रतवारी त्या हाताने करतात. म्हणूनच खिळा, तुटकं पातं, धारदार कपची यांतलं काहीही उघडं गोणीत जाऊ देऊ नये, आणि वजनदार गोणी खांद्यावर टाकायला लावण्याऐवजी आधी सांगून ठेवावं. सुका कचरा असं लेबल लावून भागत नाही, आत काय आहे हे माणसाशी बोलून सांगावं.

पुढे हा माल मुंबईत धारावीच्या तेरा कंपाउंडसारख्या ठिकाणी किंवा शहरांबाहेरच्या शेडमध्ये जातो. तिथे तो दळतात, धुतात, वितळवून त्याच्या शेवया काढतात आणि त्या कापून दाणा करतात. त्या दाण्यापासून काळी घमेली, नळ्या, कुंड्या आणि पुन्हा पट्ट्याही बनतात. परदेशांतल्या मोठ्या केंद्रांत अवरक्त किरणांनी प्लास्टिक ओळखणारी यंत्रं असतात. काजळी ते किरणही गिळते, म्हणून त्या यंत्रांना काळं प्लास्टिक दिसत नाही. आपल्याकडे बोटांनी आणि डोळ्यांनी निवड करणाऱ्याला ते दिसतं. जुन्या काळ्या पट्टीला इथे आशा आहे ती त्या कसबामुळे.

पट्टी बनवणाऱ्या कंपनीने परत का घेऊ नये, असाही प्रश्न येतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने प्लास्टिक उत्पादकांवर परत गोळा करण्याची जी जबाबदारी टाकली ती वेष्टनांसाठी आहे: बाटल्या, पाउच, पिशव्या. बागेची पट्टी वेष्टन नाही, म्हणून ती त्या जाळ्यातून निसटते. माझ्या मते वर्षानुवर्षं उन्हात राहून चुरा होणाऱ्या वस्तूंनाही तो नियम लावायला हवा. तोवर ही जबाबदारी घराची आणि सोसायटीचीच आहे.

डांबरी रस्त्यात नाही का घालता येणार? मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांची ती पद्धत प्रसिद्ध आहे, त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यात गरम खडीवर प्लास्टिकचा पातळ थर चढवतात. खडीवर झटकन वितळायला पिशव्यांसारखं पातळ प्लास्टिक लागतं. जाड पट्टी त्याला सोयीची नाही, आणि पीव्हीसी तर मुळीच चालत नाही.

ठिसूळ कड आणि कपच्यांची पिशवी भंगारवाला घेणार नाही. ती पालिकेच्या सुक्या कचऱ्यात, बंद तोंडाने, 'पुनर्वापर नाही' असं सांगून द्यावी. दाणा न होणारं प्लास्टिक सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाऊ शकतं. गोव्यात साळगावच्या प्रकल्पापासून अशा प्लास्टिकचे गठ्ठे बांधून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांना पाठवले गेले आहेत. सिमेंटचा कच्चा माल १,४५० अंशांच्या आसपास भाजला जातो, त्या उष्णतेत प्लास्टिक पूर्ण जळतं. क्लोरीनमुळे पीव्हीसी मात्र तिथेही नकोसं असतं. ते वेगळं ठेवून पाइपांच्या भंगाराबरोबर द्यावं.

८. शेकोटीत नको

हिवाळ्यात पाला गोळा करून पेटवतात आणि वर ही पट्टी टाकतात. उघड्या आगीत सिमेंटच्या भट्टीची उष्णता कधीच मिळत नाही. अर्धवट जळालेल्या प्लास्टिकची काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड हवेत जातात. पट्टी पीव्हीसीची असेल तर आम्लाचा धूर निघतो आणि डायॉक्सिन नावाची अतिविषारी रसायनं तयार होतात. राखेतून ती परत त्याच वाफ्यात येतात, जिथे आपण कोथिंबीर लावणार असतो. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी केली आणि साध्या प्रकरणात ५,००० तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपयांचा दंड ठरवला. दंड नसता तरी लहान मुलं आणि दमेकरी राहतात त्या आवारात हे करू नये.

९. पुन्हा कड घालताना

कोकणात आणि गोव्यात जांभ्याचे चिरे आहेत. देशावर तिरक्या रोवलेल्या विटा, कडप्प्याच्या पट्ट्या, शहाबादीचे तुकडे आहेत. घर उतरवताना निघालेली मंगलोरी कौलं उभी गाडली तर सुंदर कड होते. यातलं काहीही फुटलं तरी मातीत मातीसारखंच पडून राहतं. सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे कडच न घालणं. लॉन आणि वाफा यांच्यामध्ये फावड्याने वीतभर रुंद, चार बोटं खोल चर काढावी आणि पावसाळ्यानंतर ती पुन्हा साफ करावी. हरळीचे धुमारे चरीत उघडे पडतात आणि खुरप्याने सहज कापता येतात. मेहनत आहे, पण वर्षातून दोन-तीनदाच.

वळणदार कड हवी म्हणून प्लास्टिकच घ्यायचं ठरलं तर मागे त्रिकोणातला आकडा छापलेली पट्टी मागावी. बसवताना वरची कड जेमतेम दिसेल इतकी खोल गाडावी, म्हणजे उन्हाला कमी भाग सापडतो. दर तीन मीटरच्या जोडाला दीड सेंटिमीटर मोकळं सोडावं: ३ गुणिले ३० गुणिले ०.१५ केलं की साडेतेरा मिलिमीटर येतात. बसवून झाल्यावर उरलेला वीतभर तुकडा फेकू नये. त्यावर खरेदीचं वर्ष आणि प्लास्टिकचा आकडा पक्क्या शाईने लिहून तो अवजारांच्या डब्यात ठेवावा. पुढे ही पट्टी जो कुणी उपटेल, त्याला ती कसली हे बादलीत बुडवून बघावं लागणार नाही.